सुधाकरची भिंतीवरची वेबसाइट

मंगळवारी सकाळी प्रार्थना सुरू असताना सुधाकर शाळेच्या ओट्यावर बसला आणि डॉक्टर येण्याआधी वारला. मी त्याच्या शेजारी होतो. त्याची मिटलेली मूठ मी उघडली. का, ते मला सांगता येणार नाही. तळहातावर निळ्या पेनानं लिहिलं होतं : गोंद, चार तक्ते, सातवी. त्याची ही सवय शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. भूगोलाचे सर विसराळू आहेत म्हणून हातावर लिहून ठेवतात, असं मुलंही म्हणत आणि तोही हसून तेच सांगे. सुधाकर विसराळू नव्हता. हे फक्त मला माहीत होतं, आणि सात वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघं वर्धा जिल्ह्यातल्या सेलूजवळच्या एकाच शाळेत एकाच वर्षी लागलो. मी मराठी शिकवतो. त्याच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता. सकाळी वांगी तोडून, हात धुऊन तो वर्गावर येई, तरी खडूला मेथीचा वास लागायचाच. दोन हजार साल उलटलं आणि शाळेला चार संगणक मिळाले. ते एका खोलीत कुलूप लावून, चादरी पांघरून ठेवले होते. सुधाकरनं मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली, दर शनिवारी दुपारी वर्ध्याला एका क्लासला जाऊन संगणकावरची पानं बनवायला शिकला आणि एक दिवस म्हणाला, की सातवीच्या पोरांसाठी आपल्या तालुक्याच्या भूगोलाची वेबसाइट करायची. मी हसलो. शाळेत फोनची एकच लाइन, तीही बरेचदा बंद. इंटरनेट कुठून आणणार? "नसू दे ना," तो म्हणाला, "सीडीत टाकू. पोट्ट्याइले दाबाले पान भेटलं म्हंजे झालं."

पण संगणकाला हात लावण्याआधी तो ती वेबसाइट वर्गाच्या भिंतीवर करी. पांढऱ्या तक्त्यावर पेन्सिलीनं तालुक्याचा नकाशा, कडेला चौकोन, चौकोनात प्रश्न. एकेका मुलानं यायचं आणि पुढं काय उघडावं असं वाटतं तिथं बोट दाबायचं. बोट बोर नदीवर पडलं की सुधाकर लगेच नकाशा काढून तिथं धरणाचा तक्ता लावी. बोट काळ्या मातीवर पडलं की कपाशीचा. मुलं हरखून जात आणि तो घामाघूम होई. मधल्या सुटीत शेंगदाणे खाल्लेली ती बोटं... आठवड्याच्या शेवटी तो तक्ते उतरवून उजेडात धरी आणि कुठं डाग जास्त पडलेत ते बघे. जिथं डाग, तिथं बटण. एकदा मी म्हणालो, "अरे, कडेला प्रश्न लिहिलेत आणि ही सगळी नदीवरच बोट ठेवतात. वाचतच नाहीत." त्यानं तक्त्यावरून नजर न काढता उत्तर दिलं, "पोट्टे नाई चुकले, वसंता. आपलं पान चुकलं." इतकी वर्षं शिकवूनही माझ्या धड्याबद्दल मी असं एकदाही म्हणालेलो नाही.

पानांवरचा मजकूर मी तपासत असे. त्यानं 'विहिरीचं पाणी कुठं जाते?' असं लिहिलेलं मी खोडून 'भूजल पातळी खालावण्याची कारणे' असं केलं. "हे तं पेपरावाणी झालं बे," तो म्हणाला, पण माझा मान राखून तसंच ठेवलं. त्या चौकोनावर आठवडाभर एकही डाग पडला नाही. मग त्यानं आपलं वाक्य परत लावलं. मला तेव्हा राग आला होता.

दीड वर्षात सगळी पानं तयार झाली. वर्ध्याला जिल्ह्यातल्या शिक्षकांनी केलेल्या साहित्याचं सादरीकरण होतं. जे पसंत पडेल त्याची सीडी संगणक असलेल्या प्रत्येक शाळेला जाणार होती. सुधाकरला बक्षीस नको होतं, आपली पानं त्या शाळांमधल्या मुलांनी दाबावीत एवढंच त्याला हवं होतं. त्या काळी मराठीचा फॉन्ट सगळ्या संगणकांत नसे. आपण वापरलेला फॉन्ट समोरच्या यंत्रात घातला नाही, तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. म्हणून त्यानं फॉन्ट वेगळ्या फ्लॉपीवर घेतला होता. सकाळी एसटीत बसल्यावर ती त्यानं मला दिली. "सीडी माह्यापाशी, फ्लॉपी तुह्यापाशी. तू एवढी पुस्तकं सांभाळतं, हे बी सांभाळ." मी वाचत होतो. त्याच्याकडे न बघताच मान हलवली, आणि उतरायची वेळ आली तेव्हा पानात खूण म्हणून तीच फ्लॉपी घालून पुस्तक मिटलं.

सभागृहात त्याचं नाव पुकारलं गेलं. सीडी लागली, पान उघडलं, आणि पडदाभर तो कचरा. पुढच्या रांगेतले एक साहेब म्हणाले, "गुरुजी, हे वाचायला पुढच्या जन्मी येऊ का?" सगळे हसले. सुधाकर माझ्याकडे वळला, "वसंता, फ्लॉपी?" मी पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा, छत्री, पुस्तक. पुस्तक हातात घेतलं आणि न उघडताच बाजूला ठेवलं. लोक बघत होते, माझे कान तापले होते, आणि मी म्हणालो, "माझ्याकडे दिलीच नव्हतीस तू." चांगलं मोठ्यानं म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आपलेच खिसे चाचपू लागला. "असन बापा... घरीच राह्यली असन." त्याची वेळ संपली. पुढच्या शिक्षकाचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या एसटीत बोलणं टाळायला मी पुस्तक उघडलं. सकाळच्याच पानावर ती फ्लॉपी होती, तिच्या पट्टीवर त्याच्या अक्षरात 'फॉन्ट'. मी पुस्तक मिटलं. वाटेतलं पवनारही अजून यायचं होतं. सांगायला भरपूर वेळ होता. "काऊन बे, आज वाचत नाई?" त्यानं विचारलं. डोकं दुखतंय, मी म्हणालो. तो उठला आणि वारा लागावा म्हणून खिडकीजवळची जागा त्यानं मला दिली.

विसरणं माणसाकडून होतं, पण पुस्तक मिटणं मी केलं. दुसऱ्या दिवसापासून सुधाकर तळहातावर लिहू लागला. मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये विचारत, "सुधाकरराव, आज डबा आणला, की तोही फ्लॉपीसारखा घरी?" सगळ्यांबरोबर मीही हसत असे. संगणक एकेक करून बंद पडले तरी त्याचे भिंतीवरचे तक्ते थांबले नाहीत. दर रविवारी मी त्याच्या घरी चहाला जाई. अलीकडे एकदा तो आनंदानं म्हणाला, की आता मराठी कोणत्याही यंत्रावर आपोआप दिसते. "आता फ्लॉपीची गरजच नाई. माह्यासारखा इसरभोळाही चालते!" तेव्हा तरी सांगता आलं असतं... मी बशीतला चहा संपवला.

तेरवीला मी फ्लॉपी खिशात घालून गेलो आणि तशीच परत आणली. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्याची बायको, मंदावहिनी, ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. निवडता निवडताच त्या म्हणाल्या, "यायनं मले इचारलं होतं. 'मंदा, माह्या डोक्यात काई बिघाड तं नाई झाला? मी फ्लॉपी देल्याचं मले चांगलं आठवते, अन् वसंता म्हणते देलीच नाई. नागपूरले डॉक्टरले दाखवू का?' म्हणत." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "सात वर्षं, भाऊजी. दर रविवारी तुमी इथंच बसून चहा पेले."

मी फ्लॉपी पुढं केली. "काय हाये यात?" त्यांनी विचारलं. मराठी अक्षरं, मी म्हणालो. हात पदराला पुसून त्यांनी ती घेतली, आत जाऊन त्याच्या टेबलावर तक्त्यांच्या गुंडाळीपाशी ठेवली, आणि परत येऊन मेथी निवडू लागल्या. त्या दिवशी चहा झाला नाही. हे सगळं लिहून छापायला देऊ का, असं मी विचारलं. "लिवा," त्या म्हणाल्या. "त्याइचं नाव पुरं लिवजा. अन् तुमचं बी."

त्याचं नाव सुधाकर वामनराव ढोबळे. माझं वसंत गणपत काकडे.

सातवीच्या भिंतीवर त्याचे जुने चार तक्ते आहेत. मुलं नदीवर बोट ठेवतात आणि पुढचा तक्ता लागायची वाट बघतात. फ्लॉपी मंदावहिनींकडे आहे. रविवारी मी घरी असतो.