नक्कल बंदूक आणि अण्णांचा हात

नगरच्या दुकानदाराने दोन बंदुका काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांतली एक अण्णांच्या हातात दिली.

"मास्तर, नळीवरचं नाव वाचा. अस्सल अमेरिकेची आहे. ही दुसरी स्पेनची, तिच्यावरून बेतलेली. नक्कल."

'नक्कल' म्हणताना त्याने तोंड असं केलं, की जणू दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचं नाव घेतोय. मी तिथेच पेटले.

अण्णा म्हणजे माझे वडील. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत ते मास्तर होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं भरपूर. आजोबा ख्रिस्ती मिशनची वाटायचे, मामा संपाची आणायचा. मी दोन्ही वाचून वाढले आणि त्यातून एवढंच पक्कं शिकले, की प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि आपल्याला त्यांतली एक घ्यावीच लागते. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. जागेवर बसून राहणं मला जमत नसे. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं तर त्याहून जमत नसे.

बंदूक हवी होती ती डुकरांसाठी. बहात्तर साली पावसाने दगा दिला. गावात हिरवं म्हणून एकच शेत उरलं होतं, विहिरीच्या तळातल्या पाण्यावर चार-पाच घरांनी मिळून जगवलेला भुईमूग. पुढच्या सालचं बी त्यातूनच निघणार होतं. डोंगरात खायला काही उरलं नाही, तशी रानडुकरं खाली उतरली. आमचे शेजारी, ज्यांना मी काका म्हणायची, ते काठी घेऊन हाकायला गेले तर एका डुकराने त्यांची मांडी फाडली. मग गावाने अण्णांना पुढे केलं. ते शिकलेले, होमगार्डात असताना बंदूक चालवलेले, त्यांच्या नावावर परवाना मिळेल. आणि तो मिळाला.

डुकरं कळपाने येतात, म्हणून एकदा भरली की अनेकदा उडणारी बंदूक हवी होती. दुकानात तशा या दोनच होत्या. दोन्हींची रचना एकच. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक. चापाभोवतीच्या कडीचाच एक दांडा केलेला. तो खाली ढकलला की उडालेलं काडतूस बाहेर फेकलं जातं, परत वर ओढला की नवं आत जाऊन बसतं.

रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला बंदुकीच्या निगेवरचं एक इंग्रजी चोपडं मिळालं होतं. ते वाचून मी सज्ज होऊन आले होते. नळीच्या मागच्या तोंडाशी मी पांढरा कागद धरला आणि पुढून आत पाहिलं. अमेरिकेच्या नळीत आतले पीळ झिजून गेले होते, गंजाने खड्डे पडले होते, पोपडे आलेल्या भिंतीसारखी दिसत होती ती. स्पेनच्या नळीत पीळ धारदार, मळसूत्रासारखे. अमेरिकेच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झालेल्या, म्हणजे ती कितीदा तरी उघडली होती. तिचा घोडा अर्धा चढवून मी अंगठ्याने दाबला तर तो निसटला. स्पेनचा जागचा हलला नाही.

"नाव बघायचं की नळी?" मी दुकानदाराला विचारलं. "या देशात अजून साहेबाचं नाव दिसलं की माणसं आत डोकवायचंच विसरतात. नक्कल म्हणे. आपण घालतो तो शर्ट कुणाची नक्कल आहे? तुमच्या भिंतीवरचं घड्याळ कुणाची नक्कल आहे?"

"ताई, मी बंदुका विकतो," दुकानदार म्हणाला. "भाषण तिकडं चौकात चालतं."

अण्णा अमेरिकेच्या बंदुकीवरून बोट फिरवत होते. लहानपणी त्यांनी धरणावरच्या एका साहेबाकडे तशी पाहिली होती. मी बोलतच राहिले. शेवटी त्यांनी ती काचेवर ठेवली, दुसरी उचलली आणि म्हणाले, "हिची खात्री आहे ना तुला?"

"आहे."

एसटीत सबंध वाट मी खूश होते. घाट लागल्यावर ध्यानात आलं, की या बंदुकीपुढे डुक्कर येईल तेव्हा तिच्यामागे मी नसणार, अण्णा असणार. तिथून पुढे माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

घरी शेजारच्या बायका हळद-कुंकू घेऊन हजर होत्या. बंदूक त्यांच्याही शेताची होती. आमच्या घरात ते चालत नाही आणि मला तर मुळीच चालत नाही, म्हणून मी तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "लावू दे. डाग पुसता येतो." पुसायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी कोरड्या ओढ्यात मातीच्या दरडीवर चुन्याचा ठिपका काढून अण्णांनी चाचणी घेतली. पहिली गोळी ठिपक्याला लागूनच. दुसरी त्याच्या शेजारी. माणसं 'वा मास्तर' म्हणाली, मी ताठ झाले. तिसऱ्यांदा दांडा वर येताना मध्येच अडला. काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर. अण्णांनी ते बोटाने काढलं, पुन्हा भरलं. एक उडाली, पुढची पुन्हा अडली.

"नकलीच ती," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "ऐन वक्ताला दात दाखवनार."

मी दुपारी जेवले नाही. अण्णांना म्हटलं, "परत करू या. मी येते, मीच बोलते त्याच्याशी."

"नळी चांगली आहे म्हणालीस ना? आहेच चांगली. नेम धरला तिथेच गोळी जाते."

"पण अडते आहे. ते काकांना झालं तसं तुम्हाला झालं तर?"

"तू बघून घेतली आहेस," ते शांतपणे म्हणाले आणि वह्या तपासायला बसले. ते बंदूक परत करत नव्हते, कारण परत करणं म्हणजे माझं चुकलं असं गावासमोर म्हणणं. हे कळल्यावर मला जास्तच घाम फुटला. इतका विश्वास मी मागितला नव्हता. मला फक्त वाद जिंकायचा होता.

गावच्या सुताराकडून मी लाकडाची काडतुसं करून घेतली, खऱ्याच्या मापाची. ओसरीवर बसून बंदुकीत भरायची, दांडा मारायची, ती उडून अंगणात पडायची, गोळा करून पुन्हा भरायची. सकाळ संध्याकाळ. तिची खोड मला डोळ्यांनी बघायची होती. पण माझ्या हातात ती एकदाही अडली नाही. अण्णांना दिली की अडायची. माझ्याकडे घेतली की नीट चालायची. मी रागाने वेडी झाले, आणि त्याच रागात मला ते दिसलं.

अण्णा दांडा हळूच खाली न्यायचे, तळाला पोचायच्या जरासा आधी थांबायचे आणि तितक्याच हळू वर आणायचे. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तसं. आयुष्यात त्यांनी खडूसुद्धा जोरात ठेवला नव्हता. मी दांडा आपटून तळाला नेत होते आणि आपटून वर आणत होते. त्या बंदुकीला तेच हवं होतं. अमेरिकेची झिजून सैल झाली होती, तिने अण्णांचा हात कदाचित सोसला असता. ही नवी, घट्ट. माझ्या चोपड्यात नळी होती, स्क्रू होते, घोडा होता. धरणाऱ्याचा हात त्यात कुठेच नव्हता.

आई दाराशी उभी राहून बघत होती. "हिलाच बसवा की शेतात," ती म्हणाली. "ही पीठ मळती तर परात गावभर वाजती."

"परवाना माझ्या नावावर आहे," अण्णा म्हणाले.

"मग तुमीच वाजवा."

आमची शिकवणी सुरू झाली. मांडीला पट्टी बांधलेले काका त्यांच्या ओट्यावरच्या बाजेवरून सगळं बघायचे. अण्णांनी दांडा ओढला की ते म्हणायचे, "मास्तर, डुकराला या बसा म्हंता का काय?"

"राग आणा," मी अण्णांना सांगितलं.

"कोणाचा?"

"माझा आणा."

ते खरोखर थोडा वेळ प्रयत्न करत बसले. "तुझा येत नाही."

"मग त्या दुकानदाराचा."

"त्याने काय केलंय? तो बिचारा दुकान चालवतो."

मी डोकं धरून बसले. ज्या माणसाला कुणाचा राग येत नाही, त्याच्यासाठी मी असली बंदूक निवडली होती. ती परत करायला ते तयार नव्हते. त्यांना पहाऱ्यावर एकटं जाऊ द्यायला मी तयार नव्हते. रोज सकाळी शेतात नवीन उकीर दिसत होता, वेल उपटलेले, शेंगा खाल्लेल्या. माणसं आमच्या ओसरीकडे बघून पुढे जात होती.

मग एका संध्याकाळी काकांच्या घरचे त्यांची पट्टी बदलत होते. जखम चिघळली होती. काका एरवी चेष्टा करणारे, पण त्या वेळी उशी तोंडात धरून होते. अण्णा ते बघून घरात आले, बंदूक घेतली आणि दांडा खाली आपटला. लाकडी काडतूस उडून भिंतीवर लागलं. पुन्हा आपटला. सगळी काडतुसं संपेपर्यंत एकही अडलं नाही. कोणाचा राग आणला, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत आम्ही दोघं भुईमुगाच्या बांधाआड बसलो. मी येऊ नये म्हणून त्यांनी बरंच सांगितलं, मी ऐकलं नाही. उजाडता उजाडता कळप आला. थोराड नर पुढे, माद्या मागे, पिल्लं मधे. सगळी खाली मान घालून उकरायला लागली. त्यांचं खाणं ऐकू येत होतं.

अण्णांनी पहिली गोळी झाडली ती चुकली, मातीच उडाली. कळप पांगला. पण नर पांगला नाही. तो वळला आणि सरळ बांधाकडे निघाला. मला बंदुकीच्या दांड्याखेरीज दुसरं काही दिसेना. तो खाली आपटला, वर आपटला. दुसऱ्या गोळीला नर अडखळला, तरी येत राहिला. पुन्हा दांडा. तिसऱ्या गोळीला तो पुढच्या पायांवर बसला आणि आमच्यापासून दोन-तीन हातांवर वेलांतच आडवा झाला.

मला वाटलं, संपलं. पण अण्णांचा हात थांबला नव्हता. दांडा खाली, वर, खाली, वर. न उडालेली काडतुसं एकेक करून बाहेर पडत होती, पिवळी, माझ्या पायाशी, भुईमुगाच्या पानांत. चापावर बोट नव्हतं, डोळे डुकरावर होते. आतलं शेवटचं पडून गेलं तरी ते आपटतच होते.

"अण्णा," मी म्हटलं. "अण्णा, पुरे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा तो थांबला. बोटांची सालटं निघाली होती. मी बंदूक काढून घेतली आणि गुडघ्यांवर बसून वेलांतून काडतुसं शोधायला लागले. बांधापलीकडून माणसं पळत येत होती, मास्तर, मास्तर अशा हाका मारत. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आत एखादं राहिलंय का बघ," ते म्हणाले.

मी दांडा सावकाश खाली केला आणि आत पाहिलं. रिकामी होती. तसं सांगितलं.

"परत बघ."

मी परत पाहिलं.