एका सुताची जागा

गौतम मिस्तरी तयार झालेलं चित्र गिऱ्हाइकाच्या हातात कधी सरळ देत नसत. आधी ते चौकटीसकट त्याच्या कानाजवळ नेऊन हलवत. आतून हलकी खडखड ऐकू येई. "आला आवाज?" ते विचारत. हो म्हटलं की, "मग न्या. आवाज बंद झाला तर माझ्याकडं आना." नवखं गिऱ्हाईक गोंधळून जाई. दुसरे सुतार चौकट घट्ट बसली म्हणून मिरवतात, आणि हा माणूस ढिली बसली म्हणून खूश.

ते एसटीच्या डेपोतून सुतार म्हणून निवृत्त झाले होते. गेवराईजवळच्या आमच्या गावी, बुद्धविहाराशेजारच्या घराच्या ओसरीवर, जुन्या शिलाई मशीनच्या सांगाड्यावर त्यांनी जाळीकामाची करवत बसवली होती. पाय मारला की केसासारखं बारीक पातं खालीवर होई. सागाच्या फळीवर फोटो उतरवायचा, सावलीच्या जागा कापून काढायच्या. मागे काळं कापड लावलं की चेहरा उभा राही. सासऱ्यांना, गुरुजींना, निवृत्त होणाऱ्या कुणाला भेट द्यायला लोक अशी चित्रं करून घेत. आतली प्रत्येक जागा कापण्यासाठी भोक पाडून, पातं सोडवून, पुन्हा ओवावं लागे. मला मोजायची सवय. एका चेहऱ्यात मी एकशे त्र्याण्णव भोकं मोजली आणि त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मोजू नका, सचिवसाहेब. मोजलं की हात जड व्हतो."

चित्र करण्यापेक्षा ते टिकवण्याविषयी त्यांचं बोलणं जास्त. पुढे काच हवी, पण ती लाकडाला टेकता कामा नये. मागे चारी कोपऱ्यांना रबरी बुचाचे तुकडे, म्हणजे भिंतीची ओल आणि वाळवी लांब राहते. आणि चौकटीच्या खाचेत चारी बाजूंनी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जागा मोकळी. "लोकायला वाटतं लाकूड मेलं. ते दुष्काळात आखडतं, पावसात अंग सोडतं. त्याला हलायला जागा ठिवा, न्हाई तर ते सोताला फोडून घेतं."

मी तेव्हा गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव होतो. अजून कायम झालो नव्हतो. सलग तिसरं कोरडं वर्ष होतं. जनावरं छावणीत, आणि रोजचं संकलन चारशे लिटरवरून सत्तरवर आलेलं. आमचे अध्यक्ष आबा यांनी पदरची वैरण वाटून संस्था उभी ठेवली होती, म्हणून वार्षिक सभेत त्यांना त्यांचं लाकडी चित्र भेट द्यायचं ठरलं. सभेला तालुक्याच्या दूध संघाचे साहेब येणार होते. संघाच्या गेवराईतल्या बंद पडलेल्या शीतकरण केंद्रातली एक खोली हे काम शिकवायला मिळावी, असा मिस्तरींचा अर्ज दोन वर्षं संघाकडे पडून होता. चित्र पाहून ठरवू, असं साहेबांनी कळवलं होतं. "चार पोरींच्या हातात करवत दिली की मी मेलो तरी चालतंय," मिस्तरी म्हणत. त्या खोलीशिवाय त्यांना दुसरं काही नको होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी चित्र संस्थेत आलं. एका संचालकाने ते हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आबाचं डोकं ढिलं हाय, हे कारागिराला बी कळलं की." सगळे हसले. मला हसू आलं नाही. फट कशासाठी ठेवली आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी भर सभेत आबांच्या हातात खडखडणारी वस्तू जाणार, हे मनाला पटेना. दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी फटीत सरस भरला, दर चार इंचांवर एक असे सोळा खिळे ठोकले आणि मागे खाकी कागद चिकटवला. चौकट हलवून पाहिली. आवाज नव्हता. काम नीट केलं असंच मला वाटलं.

सभेत चित्र साहेबांच्या हातून आबांकडे गेलं. मिस्तरी मागच्या रांगेत होते. साहेबांनी तिथेच खोली जाहीर केली.

पुढचा पावसाळा भरपूर झाला. श्रावणात आबा ते चित्र घेऊन संस्थेत आले. फळी मधोमध फुगली होती. नाक आणि चष्म्याची दांडी तुटून काचेमागे तळाशी पडली होती. आबा फार दुखावले होते. साहेब त्याच दिवशी तपासणीला आलेले. मिस्तरींना बोलावणं गेलं.

त्यांनी चौकट पालथी केली, नखाने कागद सोलला. खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, हे कसं झालं? मिस्तरी बराच वेळ बोलले नाहीत. मला कायम करण्याचा ठराव पुढच्या आठवड्यात यायचा होता. मी टेबलावरच्या रजिस्टरकडे पाहत राहिलो.

"माझीच चूक," ते शेवटी म्हणाले. "वय झालं."

मग तुम्ही शिकवणार काय, असं साहेब म्हणाले. खोली त्याच दिवशी रद्द झाली.

संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो. असं का केलंत, म्हणून मीच त्यांना विचारलं. ते पातं पुसत होते.

"तुमचं नाव घेतलं असतं तर नोकरी गेली असती. घरी दोन लेकरं हायत." मग म्हणाले, "पर मी लई वेळ गप बसलो व्हतो, सचिवसाहेब. का म्हनून, सांगा?"

त्यांनी पुसलेलं पातं करवतीत अडकवलं.

"तुमी बोलाल म्हनून."

मी त्यानंतरही बोललो नाही. ठराव झाला, मी कायम झालो. मिस्तरींकडची भेटीची कामं हळूहळू थांबली. चौथ्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाला जमलेल्या लोकांसमोर मी उभा राहिलो आणि सोळा खिळ्यांसकट सगळं सांगितलं. आबा म्हणाले, झालं गेलं, आता कशाला. मिस्तरींच्या पत्नी सुमनमावशी मात्र माझ्याकडे पाहत होत्या. "मला हे ठावं हाय. त्यांनी त्याच दिशी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "इथं सांगून काय उपेग? दूध संघात जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी मी गेवराईला गेलो. ते साहेब बदलून गेले होते. शीतकरण केंद्राच्या खोलीत पशुखाद्याची पोती छतापर्यंत लावलेली होती. नव्या साहेबांनी माझं लेखी निवेदन दोनदा वाचलं, शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, "हे गौतम मिस्तरी कोण?"