तबकडीवरचा डफ

कारंजा लाडच्या भागवत कंडक्टरांना निवृत्तीनंतर एकच वेड लागलं होतं. गाण्यांच्या जुन्या तबकड्यांवर ज्यांचं नाव नाही, असे वादक ते शोधून काढत आणि त्यांची नावं वहीत लिहून ठेवत. एका तबकडीवरच्या डफाचा माग काढत ते अनसिंगजवळच्या तांड्यावर रूपला राठोडांकडे पोचले. ऐंशीला टेकलेल्या रूपलांनी तरुणपणी नागपूरच्या स्टुडिओत एक दिवस डफ वाजवला होता. पुढं त्याचं काय झालं, ते त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

भागवतांनी सोबत आणलेल्या ग्रामोफोनवर तबकडी फिरली आणि पहिल्याच थापेला रूपला हसले. "माहाच हात हाये हा!" ऐकायला त्यांची बायको रामीबाईही चुलीपासून उठून आली.

मग गाणारा सुरू झाला. तांड्यावरची बाई किती स्वस्त मिळते, एवढंच त्या गाण्यात होतं, आणि मागे माणसं खिदळत होती. रामीबाई मान खाली घालून आत गेली.

रूपलांनी सुई उचलली आणि ते अंगणात जाऊन थुंकले. "होळीचं गाणं हाये म्हनून सांगतलं होतं मले. किळस येऊन राह्यली."

"मंग तुमचं नाव लिहू का नको, रूपलाभाऊ?"

"लिहा. आन् गाणं मले आयकवलंच नोतं, हेबी लिहा."

लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचून घेतलं. तबकडी मात्र घरात ठेवू दिली नाही.