पालखीपुढे धावणारा फोटोवाला

रत्नागिरीच्या बाजारपेठेत धाकू फोटोवाल्याच्या पोटाची चेष्टा केली नाही असा माणूस सापडायचा नाही. साल एकतीस-बत्तीसचं असेल. दुकान थाटून गिऱ्हाइकाची वाट बघणं त्याला जमायचंच नाही. गळ्यात पेटीकॅमेरा अडकवायचा आणि बाजार, जत्रा, रस्ते पालथे घालायचे. पण जाईल तिथे लोक तांदळाचं गरम घावन पुढे करायचे, आणि हा गडी नाही म्हणेल तर शपथ! "तुमच्या आधी तुमचं पोट पोचतं," असं त्याची बायको सगुणा तोंडावर म्हणायची. धाकू हसायचा आणि आणखी एक घावन मागायचा.

पण एका शिमग्यात या पोटानंच त्याची फजिती केली. जवळच्या वाडीतल्या केरूबाबांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. देवीच्या पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि तो खांदा देतानाचा फोटो त्यांना हवा होता. आता पालखीचं असं, की देवळातून निघाली की नाचत नाचत वर सहाणेवर, म्हणजे तिच्या शिमग्यातल्या चौथऱ्यावर, टेकेपर्यंत ती कुणासाठी थांबत नाही. फोटोवाल्यासाठी तर नाहीच नाही! चेहरा हवा असेल तर पुढे धावा, वळा, श्वास रोखा आणि कळ दाबा. धाकू पहिल्याच चढणीला भात्यासारखा फुसफुसायला लागला आणि मागे पडला. फोटोत आल्या नुसत्या पाठी, त्याही थरथरलेल्या.

केरूबाबांनी तो फोटो हातात घेतला आणि त्यांचं तोंड उतरलं. "पोरगा आगबोटीवर खलाशी. किती शिमगे झाले, घरी नाही आला. त्याला बापाचं तोंड धाडायचं होतं रे, पाठ नव्हे! पुढल्या साली हे गुडघे चालतील की नाही, ते देवीलाच माहीत."

धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गडी भाट्याच्या समुद्रकाठी वाळूत धावायला हजर! कोळणी पदर तोंडाला लावून हसायच्या. "काय वो फोटोवाले, मागे कुत्रा लागलाय काय?" हसू देत मेल्या! वाळूत धावून झालं की घरी बैठका. घावनाचा वास आला की जीव तळमळायचा, तरी तो मान फिरवून चालू लागायचा. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि सगुणेला त्याच्या बंड्या आत घ्यायला बसावं लागलं.

पुन्हा शिमगा आला. ढोल वाजले, पालखी निघाली, आणि धाकू हरणासारखा चढण चढून पुढे उभा. श्वास शांत, हात स्थिर. केरूबाबांचा चेहरा काचेत आला. आता कळ दाबणार, तोच म्हाताऱ्याचा गुडघा वाकला आणि दांडा खाली आला. बदलीची माणसं मागे गर्दीत अडकलेली. धाकूनं कॅमेरा पाठीवर टाकला, उडी मारून खांदा दिला आणि उरलेली उभी चढण पालखी घेऊन चढला.

केरूबाबा बाजूनं लंगडत ओरडत होते, "अरे गाढवा, फोटो!"

"आधी देवी, बाबा!"

वर सपाटीवर पोचल्यावर केरूबाबांनी खांदा परत मागून घेतला. धाकू पुढे धावला, वळला. एवढं ओझं वाहूनही त्याचा हात हलला नाही. फोटो असा आला, की केरूबाबांच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा.

म्हाताऱ्यानं फोटो उजेडात धरून बघितला आणि पोराला धाडायला कागदात गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "पुढल्या साली पोरगा नाही आला, तर माझा खांदा तू घे."

"आणि मग तुमचा फोटो कोण काढील, बाबा?"

"माझा फोटो झाला ना आता," केरूबाबा हसत म्हणाले. "आता देवीला खांदा हवा."

धाकूला हसावं की रडावं कळेना. त्यानं वाकून म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.