गजूचं औषध आणायला गेले ते

मी निघाले तेव्हा केदारखेड्याच्या स्टँडवर वहिनींच्या कडेवर गजू होता. दादाचं पहिलं लेकरू. वर्षाचा होत आला तरी मान धरत नव्हता. जालन्याची एसटी आली, दादानं बॅगा वर चढवल्या आणि आईनं माझं मनगट धरलं. "नंदे, इतक्या दूर जाऊन राह्यली तर याचं औषध घेऊनच ये. रिकाम्या हातानं येऊ नको." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कंडक्टर घाई करत होता.

गावानं मला कधीचीच डॉक्टरीणबाई करून टाकलं होतं. पीएचडीवाली डॉक्टर सुई टोचत नसते, हे सांगून सांगून जीभ झिजली. कुंभार पिंपळगावची आमची मावशी तर सुट्टीत मला गुडघे दाखवायची. मी मेंदूच्या पेशी बघते म्हणाले की म्हणायची, "मंग गुडघ्याला पेशी न्हाईत का?"

जर्मनीतल्या एका लहान शहरात मला काम मिळालं. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा असतो. बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी त्याच्या जोरावर आपापल्या जागी सरकत जातात. त्या नळ्या घडवणारे जीन बिघडले तर काय होतं, ते आम्ही उंदरांच्या पिल्लांत बघायचो. दिवसभर काचपट्ट्या, मायक्रोस्कोप, पुन्हा काचपट्ट्या. डोळे चुरचुरायचे. संध्याकाळी खोलीवर जाऊन ब्रेड कुरतडायचा, बाहेर बर्फ, आणि मनात एकच, की आज भी काही हाती लागलं नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हा थकवा ठाऊक असेल. तो झोपून जात नाही.

रविवारी घरी फोन लावायचा. आईचं ठरलेलं, "औषधाचं कुठवर आलं?" मी म्हणायची, चालू आहे. मंग तिची गाडी वहिनींवर घसरायची. "आमच्या या बाईनं ग्रहणात विळी हातात धरली. भाजी चिरली. न्हाई तर लेकरू असं निपजतं का?" वहिनी तिथंच चुलीपाशी असायच्या. भाकरी थापल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू यायचा, तो जरासुद्धा थांबायचा नाही. मी चिडायची. आई, उगाच काहीबाही बोलू नको, म्हणायची. पण इतक्या दुरून नुसतं चिडून काय होतं? दर ग्रहणाला गल्लीतल्या बाया पोटुशा सुनांना आमच्याच घराचा दाखला द्यायच्या.

औषध काही निघणार नाही, हे मला लवकरच कळलं होतं. मेंदूची घडण एकदा झाली की झाली. डोंबलाचं औषध! पण कारण तरी सापडेल, निदान वहिनींच्या माथ्यावरचा तो आळ तरी उतरेल, एवढ्यासाठी मी मागं लागले. औरंगाबादला दादा, वहिनी आणि गजू, तिघांचं रक्त काढलं, रीतसर परवानग्या घेऊन आमच्या लॅबला मागवलं. माझ्या नात्यातले म्हणून तपासणी मी करायची नव्हती. लॅबमधल्या दुसऱ्या बाईनं केली. तिनं मला बोलावून कागद पुढं केला. नळ्यांच्या एका जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं. दादामध्ये नाही, वहिनींमध्ये नाही. गजूपासूनच सुरू झालेलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते. आनंदानं की कशानं, ते कळलं नाही.

तिकीट काढून घरी आले. गजू आता खाटेवर पडून हसायचा, आवाज ओळखायचा. चहा झाल्यावर मी आईला आणि दादाला समोर बसवलं आणि सगळं सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजी कोणाकडून आलं?" आईनं विचारलं.

"कोणाकडूनच न्हाई. आपोआप झालं. कुणाचा दोष न्हाई."

"आन् ग्रहणाचं?"

"त्याचा बिलकुल संबंध न्हाई, आई."

आई बराच वेळ गजूच्या पायावरून हात फिरवत राहिली. मंग म्हणाली, "म्हंजी औषध न्हाईच." आणि उठून देवापाशी गेली. दादा डोळे पुसत गोठ्याकडं गेला. मला वाटलं होतं कुणीतरी वहिनींकडं बघेल. कुणी बघितलं नाही.

मी चुलीपाशी जाऊन वहिनींशेजारी बसले. म्हणाले, "वहिनी, आता तरी मनातून काढा. त्या भाजीनं काही झालं नव्हतं."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ताई, म्या भाजी चिरलीच नव्हती."

भाकरी टोपल्यात टाकून त्या पुढं म्हणाल्या,

"ग्रहण सुटेस्तोवर आतल्या खोलीत बसून व्हते. पाणीबी पेले न्हाई."

"अहो, मंग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले व्हते एकदा, पहिल्यांदा. तर आई म्हणल्या, मंग दुसरं काय केलंस ते सांग." वहिनींनी जाळ मागं ओढला. "त्या रोज नवं काई तरी शोधू लागल्या. माझं खाणं, माझं माहेर, माझी चाल. मंग म्या म्हणून टाकलं, हां, चिरली भाजी. तवापासून एकच बोलणं ऐकावं लागलं."

 माझा सगळा अभ्यास त्या चुलीपुढं काय कामाचा होता, देव जाणे.

परत जर्मनीत आल्यावर लोक विचारतात, घराची आठवण येते का? येते. पण आता ती ओसरीची किंवा शेताची येत नाही, त्या एका बाईची येते. रविवारी फोन लावला की मी आधी वहिनींना बोलवा म्हणते. आई रुसते. रुसू दे.