राहिलेली मूठ

शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या दोन खोल्यांत ओल्या मातीचा वास येई, आणि तो फक्त कुबराला. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलेलं असे, आत एसी घरघरत असे, आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून तो वास हळूहळू खाली उतरे. फळीवर दूध पावडरचा जुना डबा होता. त्यात तिच्या सासूच्या कबरीची माती होती.

तिच्या नवऱ्याचा, खैरुद्दीनचा, जन्म नैरोबीचा. वडील रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून तिकडे गेलेले. केनिया स्वतंत्र झाला तरी त्यांनी इंग्रजांचा पासपोर्ट सोडला नाही, आणि तोच मुलाच्या वाट्याला आला. वर सोनेरी सिंह. आतल्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की हा माणूस ब्रिटिश खरा, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क त्याला नाही. वडील वारल्यावर अम्मा धाकट्या हमीदला घेऊन गावी परतली. खैरुद्दीन शारजात स्पेअर पार्टच्या दुकानात लागला. लग्नाला तो सहज गावी आला होता. तेव्हा त्या पासपोर्टाला भारताचा व्हिसा लागत नसे. पुढे लागू लागला.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये हमीदचा फोन आला, की अम्मा सारखं भाईचं नाव घेते. खैरुद्दीन व्हिसाच्या खिडकीशी गेला. तिथे विचारलं, तुम्हाला परत पाठवायची वेळ आली तर घेणार कोण? लंडन घेणार नव्हतं, नैरोबी घेणार नव्हतं, आणि इथला रेसिडन्स नोकरी असेपर्यंतचा. अशा पासपोर्टांबद्दल दोन्ही सरकारांची बोलणी चालू आहेत, तोवर थांबा, असं उत्तर मिळालं. अम्मा थांबली नाही.

कबर बुजवताना जो तो तीन मुठी माती घालतो. हमीदने भाईच्या वाट्याच्या तीन मुठी बाजूला काढल्या आणि गावच्याच लियाकतच्या हाती शारजाला पाठवल्या. निरोप होता, की हात लावून परत पाठव, मी तुझ्या नावाने कबरीवर घालतो.

खैरुद्दीनने हात लावला नाही. कुबराचा पासपोर्ट भारतीय. दर सुट्टीत गावी निघताना ती म्हणे, द्या, मी नेते. तो म्हणे, मुलाने माती द्यायची ती स्वतःच्या हाताने. त्याने पुन्हा अर्ज केले, पुन्हा तेच उत्तर आलं. एकदा कुबराने धीर करून झाकण उघडलं. इतक्या उन्हाळ्यांनंतरही आतली माती बोटाला चिकटली.

"मम्मी, इट्स जस्ट मड," मुलगी सबा म्हणाली. "मला तर कसलाच स्मेल येत नाही."

दोन हजार तीनमध्ये लंडनचा नवा कायदा लागू झाला. ज्यांना दुसरा देश नाही अशा, खैरुद्दीनसारख्या 'ओव्हरसीज' शिक्क्याच्या पासपोर्टवाल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळू लागलं. खैरुद्दीनचा नवा पासपोर्ट आला तेव्हा लियाकत पेढे घेऊन आला.

"काय राणीच्या जावया, यल्ला, लंडनला कधी?"

"आधी अम्माकडे."

भारताचा व्हिसा आताही लागलाच, पण आठवड्यात मिळाला. परत पाठवायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही.

गावच्या कबरस्तानात अम्माच्या कबरीवर गवत वाढलं होतं. खैरुद्दीनने पहिली मूठ घातली, मग दुसरी. दोन्ही वेळा त्याच्या तळव्याला ओला लाल चिखल राहिला. मग त्याने झाकण लावलं.

"भाई, तिसरी राहिली," हमीद म्हणाला.

"ती माझी." तो थोडा हसला. "मी तिकडे मेलो तर मय्यतीला इथला व्हिसा कोण काढणार? माझ्यावर ही घाला म्हणावं."

कुबराला वाटलं होतं, डबा इथे रिकामा होईल आणि वास इथेच राहील. परतीच्या विमानात डबा तिच्याच मांडीवर होता.

शारजाला आल्यावर खैरुद्दीनने तो पुन्हा वरच्या फळीवर ठेवला. हात धुतले, गादीवर टेकला, आणि थोड्या वेळाने मान वर केली.

"कुबरा, ओल्या मातीचा वास येतोय का गं?"

सात वर्षं तो वास तिच्या उशाशी होता.

"नाही हो," ती म्हणाली, आणि उठून तिने एसी वाढवला.