पहिल्या पानावरचे अकरा चेहरे

आमच्या सरोजिनीबाईंना गावात सगळे पेपरवाल्या काकू म्हणतात. मी त्यांचा नवरा नरहर. मला कुणी काहीच म्हणत नाही. जालन्यात तीस वर्षं टायपिंग करून ती निवृत्त झाली, आम्ही आष्टीजवळ आमच्या गावी आलो आणि तिनं चार पानांचं मासिक वार्तापत्र काढलं, ‘गावखबर’. मेहनत तिची, कागद आणि झेरॉक्स गावच्या पाणी कमिटीचं.

पान लावताना तिचा हट्ट बघावा. वर ठळक नाव, खाली अंक नि महिना, मग एकच मोठा मथळा. मजकूर दोन रकान्यांत, तारखा चौकटीत, कडेला दोन बोटं जागा कोरी. त्या जागेत मी एकदा किराण्याची यादी लिहिली, तर दोन दिवस अबोला! आणि फोटोखाली ओळ नसली की तिला घास उतरत नाही.

श्रावणात कमिटीचे अध्यक्ष रामप्रसाद आले.

“काकू, पहिल्या पानावर आमचे अकरा जणांचे फोटो पाह्यजेत. गोल गोल, बॅनरवर राहतात तसे.”

“अन् नळाचं नवं वेळापत्रक? ती तर मुख्य बातमी आहे.”

“ते आत टाका ना. कागद कमिटीचा हाय, बराबर ना?”

खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात रडली. माझं डोकंच फिरलं. “बंद कर हा उद्योग,” मी म्हणालो.

“अहो, मग पाणी कधी येणार ते लोकांना कोण सांगणार?” डोळे पुसून ती कॉम्प्युटरपुढं बसली.

पहिल्या पानावर अकरा चेहरे आले, मधोमध फेटा बांधलेले रामप्रसाद. प्रत्येकाखाली नाव, कमिटीतलं काम आणि मोबाईल नंबर. रामप्रसादांच्या खाली शिवाय एक ओळ होती: ‘नळाला पाणी आलं नाही तर यांना फोन करा.’ छापण्याआधी तिनं त्यांना पान दाखवलं होतं. ते स्वतःचा फोटोच बघत बसले, खालचं वाचलंच नाही.

“हे मुद्दाम केलंस ना?” मी विचारलं.

“फोटोओळ आहे ती,” ती म्हणाली.

पहिला फोन द्वारकाबाईंनी केला, सकाळी साडेसहाला. मग रांगच लागली. रामप्रसाद जेवायला बसोत, देवळात जाओत, खिशात फोन वाजायचाच. त्या महिन्यात पाणी मात्र एकदाही चुकलं नाही, आणि मला मनापासून आनंद झाला.

पुढचा अंक लागत असताना रामप्रसाद येऊन ओट्यावर बसले.

“काकू, फोटो काढून टाका. लोक जेवू देऊन न्हाई राह्यले.”

“काढते की,” ती लगेच म्हणाली.

चहा पिऊन ते गेले. मी वाकून पडद्यावर पाहिलं. अकराही चेहरे गेले होते, वेळापत्रक वर आलं होतं, आणि त्याखाली चौकटीत रामप्रसादांचा नंबर होता, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

“अगं, हे काय?”

“ते फोटोचंच बोलले,” ती म्हणाली.